निगरगट्ट

वावरातून हाकलली, पाठीत काठी घातली, तरी पुन्हा तिथंच तोंड घालणाऱ्या गाईला आमच्या गडचिरोलीकडं निगरगट्ट म्हणतात. शिव्या खाऊन दात काढणाऱ्या पोरालाही. पण गावात हा शब्द खरा चिकटला तो माझ्या मोठीमायला, म्हणजे मोठ्या काकाच्या बायकोला.

ती आणि माझी आई एकाच मोहाखाली फुलं वेचायच्या. झाड दोघी जावांचं सामाईक, म्हणून खाली काठीनं रेघ ओढलेली. उगवतीकडचं आईचं, मावळतीकडचं हिचं. एका सकाळी तिथूनच वाघानं आईला नेलं. मोठीमाय घरी आली ती दोघींच्या टोपल्या घेऊन, दोन्ही भरलेल्या. रडली नाही, हळहळली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झाडाखाली! गाव तिला मागून निगरगट्ट म्हणायचं, मी तोंडावर म्हणायची.

यंदा वरोऱ्याहून गावी गेले ती एकच हट्ट धरून. म्हातारी आता थकली आहे. ती जायच्या आत तिच्या तोंडून एकदा 'चुकलं' ऐकायचं. बस्स, तेवढंच. उजाडताना तिच्या मागोमाग जंगलात गेले.

रेघ होती, ताजी ओढलेली. म्हातारीच्या बाजूला फुलांचा नुसता सडा. आईच्या बाजूला एक फूल नाही, जमीन झाडून काढल्यासारखी. हरणांनी खाल्ली असतील, मी म्हणाले. पण मातीत खूर नव्हते, आणि हरणं काय रेघ बघून खातात? तेवढ्यात एक फूल टपकन आईच्या बाजूला पडलं. मी उचलायला वाकले, तर म्हातारीनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"ते तुह्या मायचं हाये. ती येते वेचाले."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तरी मी विचारलंच, "मंग तू एकदा तरी रडली काऊन नाई?"

"रडली असती तं ती मेली असती."

आम्ही टोपली भरून उठलो, तेव्हा ते फूल तिथं नव्हतं. माझे डोळे भरून आले. घाबरून मी ते पाणी तसंच गिळलं.

वाटेत शेजारची बाई भेटली. आईच्या झाडाखालून आले हे ऐकून तिनं माझे कोरडे डोळे निरखून पाहिले आणि पुढं गेल्यावर सुनेला हळूच म्हणाली, हे बी निगरगट्टच निघाली. मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी मागं वळले नाही.