डाळ, बाग आणि उलटं येणारं पाणी

मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये एनआरव्ही तपासत फिरणाऱ्या माणसाकडे किस्से साठणारच! एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. बोअर आटली की बागेला टाकीचं पाणी मिळावं म्हणून दोन्ही लाइनी जोडलेल्या असतात. बोअरचं खारट पाणी उलटं फिरून पिण्याच्या टाकीत जाऊ नये, म्हणून मध्ये ही झडप. ती कुठे आहे हेच लोकांना माहीत नसतं. माहीत झालं की आमचे हाल सुरू होतात.

मीरा रोडच्या एका सोसायटीत नवा व्हॉल्व्ह बसवला. थोड्याच दिवसांत सेक्रेटरींचा फोन, "बोअर आटलीय, बाग सुकतेय, काय बसवलंत?" मी आणि माझा जोडीदार दिनेश धावत गेलो. पाणी कुठे जाणार हे दाखवणारा बाण व्हॉल्व्हवर असतो. तो चक्क उलटा!

"हा कोणी फिरवला?"

"मीच फिरवून घेतला," सेक्रेटरी म्हणाले. "बाण दक्षिणेला होता हो! वास्तूत चालत नाही."

दुसरीकडे व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकायचे, म्हणून वॉचमननं तिथे देवाची टाइल लावली. थुंकणं बंद झालं आणि हार-उदबत्ती सुरू झाली! आता दिनेश पाना घेऊन वाकला की मागून कोणीतरी ओरडतं, "आधी चप्पल काढा!" मागच्या खेपेला एका आजींनी पान्यालाही कुंकू लावलं.

टेस्ट करताना बाजूचा छोटा नळ उघडून पाणी सोडून द्यावं लागतं. आणि तेही पाणीटंचाईच्या भाईंदर पूर्वेत! नळ उघडेपर्यंत आमच्याभोवती बादल्यांची लाइन. एक भाभी म्हणाल्या, "भैया, अच्छे से चेक करो ना, मेरा ड्रम अभी आधा है!"

जेसल पार्कच्या सावंतकाकूंचं मात्र पोटावर आलं होतं. काकू रत्नागिरीच्या, डबे करून एकटीनं घर चालवतात. अचानक गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "डाळ खारट!" काकूंनी मीठ कमी केलं, मग निम्मं केलं, शेवटी जवळजवळ बंदच केलं, तेव्हा कुठे तक्रारी थांबल्या. तोवर बरेच डबे बंद झाले होते. "माझा हातच बिघडला," म्हणून त्या रडायच्या.

आम्ही तपासणीला गेलो तर खडा अडकून झडप सताड उघडी! बोअरचं पाणी खुशाल टाकीत चाललेलं. बाकीच्या घरांत आरओ फिल्टर, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. काकूंचा एवढा मोठा स्वयंपाक, तो थेट नळाच्या पाण्यावर. टाकी धुवून घेतली, नवा व्हॉल्व्ह बसवला आणि काकूंना जाऊन सांगितलं.

"म्हणजे हात चांगला हाय माझा!" त्यांचे डोळे भरून आले. आम्हाला बळेबळे सोलकढी पाजली. मलाही फार बरं वाटलं.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "दादा, सगळे म्हणतायत डाळ अळणी! मीठ घालायला गेले की अंदाजच येत नाय. तो जुना व्हॉल्व्ह फेकलात, की आहे अजून?"