खाडीकडच्या पायऱ्या

“पानी हाय कुठं आता तिथं?” काका ओटीवरून म्हणाले आणि सगळे हसले. मी आत चहा गाळत होते.

बोलणं पूर्णा गावातल्या आमच्या खाडीकाठच्या जमिनीचं चाललं होतं. तिथं गोदाम उठणार होतं, त्याआधी भराव टाकायचा होता. भरावाखाली जुन्या धक्क्याच्या दगडी पायऱ्याही जाणार होत्या. पणजोबांचे पडाव, मालाच्या मोठ्या होड्या, मीठ आणि कौलं घेऊन तिथं लागायचे. मग खाडी गाळानं भरत गेली, पडाव थांबले. नारळी पौर्णिमेला काका मात्र अजून तिथूनच नारळ सोडायचे. तो पाण्यात पडायचा नाही, चिखलात रुतायचा. तरी आम्ही हात जोडायचो.

त्या वर्षी मी कॉलेजच्या लायब्ररीतून इफिससवरचं जाड पुस्तक आणलं होतं. भूमध्य समुद्राकडचं प्राचीन बंदर. थिएटरपासून बंदरापर्यंत संगमरवरी रस्ता, रात्री त्यावर दिवे. देवीचं प्रचंड देऊळ, आणि यात्रेकरूंना त्याच देवळाच्या चांदीच्या छोट्या प्रतिकृती विकणारे कारागीर. नदी गाळ आणत राहिली, लोक तो उपसत राहिले. शेवटी शहर सोडून गेले. आता तो रस्ता संपतो तिथून समुद्र दिसतही नाही. पुढे नुसती लव्हाळी. ते चित्र मी पुन्हापुन्हा काढून बघायची.

मला बाबांना एवढंच सांगायचं होतं की गोदाम थोडं मागे घ्या, पायऱ्या राहू द्या. पण हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत असायचं. मराठीत जुळवेपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. एकदा पुस्तक उघडून बाबांच्या शेजारी जाऊन बसले. काकांनी वाकून चित्र पाहिलं.

“आमची मॅडम बंदर बगायला लई लांब गेली,” ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. बाबांनी परीक्षा कधी आहे ते विचारलं.

दिवाळीनंतर डंपर आले. मी एकदाच बघायला गेले. मुरमाच्या वर सर्वांत वरची पायरी तेवढी उघडी होती. पडावाचे दोर घासून तिच्या कडेला खाच पडलेली. त्या खाचेतून बोट फिरवलं आणि परत आले.

पुढच्या नारळी पौर्णिमेला काकांनी नेहमीसारखा नारळाला सोनेरी कागद लावला, डोक्यावर टोपी घातली. बाबाही चपला घालून आले. दोघं फाटकापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. काका नारळ या हातातून त्या हातात घेत होते. बाबा रस्त्याकडे बघत होते. निघायचं कुणीच नाव घेईना.

मी ओटीवरून खाली उतरले.

“मला त्या पायऱ्या हव्या होत्या, बाबा.”