जागा धरलेली बॅग

माझे वडील कामाला नेत ती पिशवी खाकी कॅनव्हासची होती. तिच्यात तीन कप्प्यांचा डबा, एक पंचा आणि घडी केलेला पेपर, बस. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो. ते सकाळी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून स्टँडवर जायचे, सायकल तिथे लावायचे आणि मूर्तिजापूरची एसटी धरायचे. रोज जायचं, रोज यायचं. आमच्याकडे याला अप-डाउन म्हणतात आणि ते करणाऱ्याकडे लोक थोडं कीव आल्यासारखं बघतात. वडिलांना असल्या किवेचा भारी राग यायचा, आणि तो राग मी जसाच्या तसा उचलला.

अप-डाउन करणाऱ्याची पिशवी सामानासाठी नसते, आधी जागेसाठी असते. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून पिशवी आत टाकायची. ती ज्या सीटवर पडली ती सीट तुमची. मग तुम्ही सावकाश चढा, नाहीतर चहा पिऊन या. त्या पिशवीला कुणी हात लावत नाही. बाकी बाबतीत आम्ही वऱ्हाडी माणसं पायावर पाय पडला तरी भांडू, पण धरलेल्या जागेचा मान राखतो. टाकायचं कसं तेही वडिलांनीच शिकवलं. "सरळ मारू नको," ते म्हणायचे, "वरून सोड. गाडी पुढं सरकून राह्यली हे ध्यानात ठेव."

मी अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे चॉकलेटी रेक्झिनची बॅग होती. तिची चेन दर उन्हाळ्यात बिघडायची. नंतर खांद्याची पर्स आली. ती दिसायला छान, पण खिडकीतून टाकली की निम्मा संसार गाडीभर सांडायचा, कंगवा इकडे, गोळ्यांची पट्टी तिकडे. आता पाठीवर सॅक आहे. लॅपटॉप, त्याची वायर, पॉवर बँक, पाण्याची बाटली, डबा, छत्री, गळ्यात घालायचं ओळखपत्र, उन्हासाठी तोंडाला बांधायचा स्कार्फ. वडील एका हाताने पिशवी झुलवत कामाला जात, आणि मी गड चढायला निघाल्यासारखी जाते. काम तेवढंच, सामान चौपट. याला प्रगती म्हणायचं तर म्हणा बापडे.

क्लासमध्ये मी बरीच वर्षं आठवी ते दहावीलाच शिकवत होते. मला अकरावीची फिजिक्सची बॅच हवी होती. विषय माझा, पदवी माझ्याकडे, पोरं समाधानी. पण क्लास चालवणारे सर दरवर्षी एकच सांगायचे, "मॅडम, तुम्ही अकोल्याहून येता. गाडी चुकली तर पोरांना काय सांगू?" मी गाडी चुकवत नव्हते, तरी ते वाक्य काही चुकत नव्हतं. शेवटी या वर्षी मी हट्टाला पेटले. मुलं आणि पालक दोघांसमोर एक डेमो तास घेते म्हणाले. जमलं तर बॅच माझी, नाही तर पुन्हा हा विषय काढणार नाही. सर तयार झाले. तासाला मी प्रोजेक्टाइल घेणार होते, म्हणजे फेकलेली वस्तू हवेत कशी जाते आणि कुठे पडते ते. त्यासाठी लॅपटॉपवर हलणारी चित्रं रात्रंदिवस खपून तयार केली होती.

त्या सकाळी स्टँडवर ही गर्दी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून पहिल्या गाडीलाही मुंगी शिरत नाही. एक गाडी वळून आत आली. तिच्या बाजूच्या खिडकीत 'अमरावती' ही पाटी दिसली. मी गाडीबरोबर पळाले आणि सॅक वरून सोडली. अगदी अलगद, खिडकीजवळच्या सीटवर. आपल्या हातावर खूश होऊन मी चहाच्या टपरीवर गेले.

तिथे खाला भेटली. खाला म्हणजे माझ्या रोजच्या गाडीतली सोबतीण. जुन्या शहरातच राहते, ब्लाउज आणि परकर शिवते आणि अमरावतीच्या दुकानांत पोचवते. तिची बॅग म्हणजे खताचं रिकामं पोतं, त्याला तिने स्वतःच्या मशीनवर बंद शिवलेले. इतक्या वर्षांत माझ्या तीन बॅगा झाल्या, तिचं पोतं तेच आहे.

"जागा धरली का?" खालाने विचारलं.

"धरली. तुमच्यासाठीपण सरकेन."

"कोन्त्या गाडीत?"

मी मागे वळून बोट दाखवलं, तर गाडी फलाटावरून निघाली होती. तिच्या कपाळावर पाटी होती हिवरखेड. आदल्या दिवशी ती अमरावतीहून आली असणार. समोरची पाटी बदलली होती, बाजूची कुणी बदललीच नव्हती. मी कप टाकून धावले, ओरडले, पण गाडी फाटकाबाहेर पडून अकोटच्या रस्त्याला लागली होती.

ऑटो करून मागे गेले तर बॅग मिळाली असती, पण तास गेला असता. आणि तासाला गेले तर तासाचं सगळं त्या बॅगेत. तेवढ्यात खरी अमरावती गाडी आली. खिडकीतून टाकायला माझ्याकडे रुमालसुद्धा नव्हता.

"काहून उभी हायस?" खाला पोतं डोक्यावर घेत म्हणाली. "बॅग कुठी नाई जात बेटा. आज गेली नाई त बॅच जाईन. चढ!"

मी चढले. नशिबाने फोन हातातच होता, म्हणून तिकीट तरी निघालं. जागा अर्थातच नव्हती. दांडा धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात सगळ्या एसटीला शिव्या घातल्या, मग स्वतःलाही. आमच्या कंडक्टरला खालाने सगळी कथा सांगितली. त्याने हिवरखेड गाडीच्या कंडक्टरला फोन लावला आणि ऐकून हसायलाच लागला.

"बाई, तुमची बॅग मजेत हाय," तो म्हणाला. "खिडकीपाशी बसून राह्यली. दोघी जनी बाजूले उभ्या हायेत, पन बसत नाईत. म्हन्तात, कोनाची तरी जागा धरेल हाय."

सगळी गाडी हसली. मला रडू येत होतं, पण हसायलाही आलं. बॅग बसून हिवरखेडला निघाली होती आणि मी उभ्याने अमरावतीला. संध्याकाळच्या फेरीत ती अकोला स्टँडवर परत आणून ठेवतो, असा त्या कंडक्टरचा निरोप आला. मग मी डोळे पुसले आणि मूर्तिजापूर येईपर्यंत सगळा तास डोक्यात नव्याने मांडला.

राजापेठेत उतरून पोचले तेव्हा वर्ग भरला होता. मागच्या बाकांवर पालक. सरांनी माझी रिकामी पाठ पाहिली.

"लॅपटॉप?"

"नाही आणला. खडू द्या."

त्यांचा चेहरा पडला, पण खडू दिला. मी फळ्यावर एसटी काढली. चाकं वाकडी आली. खिडकी काढली, खाली धावणारी एक बाई काढली, तिच्या हातात पिशवी. "गाडी पुढे सरकते आहे," मी म्हणाले, "आणि बाईला जागा पाहिजे. पिशवी कुठल्या कोनातून सोडायची?" पोरं हसली आणि एकदम बोलायला लागली. सरळ फेकली तर काचेवर आपटेल. फार उंच फेकली तर टपावर जाईल. गाडीचा वेग धरायचा की नाही यावरून दोन बाकांत जुंपली. त्या भांडणातूनच मी वेगाचे दोन भाग केले, एक आडवा आणि एक उभा, आणि सूत्र फळ्यावर उतरवलं. मागे बसलेला एक बाप हवेत हात फिरवून कोन मोजत होता.

शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंग त्या बाईले जागा भेटली का?"

"पिशवीला भेटली," मी म्हणाले. आणि सकाळचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. वर्गाचं हसू गल्लीत ऐकू गेलं असेल.

मुलं गेल्यावर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तास उत्तम झाला, यात वादच नाही. पण बघा, आजच काय झालं ते. माझी भीती खोटी नव्हती. तुम्ही इथेच राजापेठेत एखादी खोली बघा, मग बॅच देऊ."

माझं घर अकोल्याला आहे. म्हातारे वडील तिथे आहेत. आणि खोली घेऊन राहा असं पुरुष शिक्षकांना कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, तेही बडनेऱ्याहून, मोर्शीहून येत होते. पण हे सगळं मी बाजूला ठेवलं.

"सर, तुम्हाला ज्याची भीती होती ते आज झालं," मी म्हणाले. "बॅग भलत्याच गाडीत गेली, लॅपटॉप गेला. आणि तास वेळेवर सुरू झाला."

सर फळ्यावरच्या एसटीकडे वळले. मग त्यांनी डस्टर उचललं, तसंच खाली ठेवलं आणि विचारलं, "सोमवारपासून?"

"सोमवारपासून," मी म्हणाले. "अकोल्याहून."