बिनसुईचं औषध

आमी नवराबायकोनं मिळून शेवटी काय केलं, तर गायीची धार काढली. म्हंजे काढली तिनं. मी वासरू धरून उभा व्हतो आणि तिची बोलणी खात व्हतो.

"अवो, लांब धरा की त्याला. एवढंसं वासरू, तुमाला आवरंना?"

लई दिवसांनी तिच्या दोन्ही हातांच्या धारा बादलीत वाजत व्हत्या, म्हणून मी उलटून बोललो न्हाई.

तिचं उजवं कोपर कामातून गेलं व्हतं. उभी जिंदगी ऊस तोडला, वर दोन वक्ताची धार. मूठ आवळली की कोपरातून कळ निघायची आणि हातातला तांब्या पडायचा. गोळ्यांनी पोट जळायचं. सुईला ती भ्यायची. काठीनं साप मारणारी बाई, पण सुई दिसली की पदर तोंडात धरायची.

दूध सोसायटीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आमी आष्टीच्या दवाखान्यात गेलो. तिथं हातापायाचे व्यायाम घेणारी मॅडम व्हती, आमच्या नातीच्या वयाची. तिनं एक लहान डबा काढला. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन पॅड. एका पॅडवर औषध घालून ते कोपरावर बांधायचं, दुसरं पाण्यात भिजवून दंडावर. मग बारीक करंट सोडला की औषध कातडीतून आत सरकतं. सुई न्हाई.

करंट म्हणल्यावर ही उठलीच. शेजाऱ्याला मोटरीच्या स्टार्टरनं फेकलेलं तिनं बघितलं व्हतं.

"आधी ह्यांना लावा," ती म्हणली. "ह्यांचं काय व्हतंय ते बघू, मग माझं."

मॅडम हसली. माझ्या हाताला नुसत्या पाण्याचे पॅड बांधून मशीन चालू केलं. मुंग्या चालल्यागत वाटलं, तसं सांगितलं.

"खोटं बी बोलतेत हे," ती मॅडमला म्हणली. पण बसली.

मॅडमनं फुशारकी मारली न्हाई. काहींना फरक पडतो, काहींना न्हाई, आणि उपचार चालू हायेत तोवर धार काढायची न्हाई, असं सरळ सांगितलं. इथं खरी पंचाईत झाली. गाय मला जवळ येऊ देईना. मागच्या दुष्काळात चारा छावणीत जन्मलेली ती, हिनं हातानं पाजून जगवलेली. माझा हात लागला की पान्हा चोरायची, वर लाथ. धार पुरी निघाली न्हाई की गाय आटणार, आणि आटलेली गाय ह्या दुष्काळात बाजारातच न्यावी लागणार, हे दोघांनाबी ठाऊक व्हतं.

डेअरीवर माप घेणारा माझ्या किटलीत डोकावून म्हणायचा, "काका, हे गायीचं हाय का शेळीचं?"

"तुझ्या सासूचं. माप घे गुमान."

दवाखान्यात दुसऱ्या खेपेला तिनं घोळ केला. चिंब पॅडमधलं पाणी फरशीवर गळताना तिला बघवेना. गावात टँकर आला की सांडलेलं पाणी आमच्या बायका फडक्यानं टिपून घ्यायच्या. मॅडम मशीनकडं वळली तशी हिनं दंडावरचं पॅड सोडलं, वाटीत चांगलं पिळलं आणि परत बांधलं. करंट सुरू झाला. थोड्या वेळानं म्हणती, "अवो, चावतंय." मॅडमनं पॅड काढून बघितलं तर खाली कातडी लाल.

"मावशी, पॅड कोरडं पडलं की करंट एकाच जागी गोळा होतो, भाजतं. पिळलं कशाला?"

"एवढ्या पाण्यात आमच्याकडं दोघांची तोंडं धुऊन व्हतेत, पोरी."

मॅडमनं मलम लावलं. लाली गेल्यावर परत बोलावलं, तर हाताखाली ताट ठेवलेलं. "आता गळू द्या. जाताना फाटकातल्या कडुनिंबाला घाला."

ते काम माझ्याकडं आलं. ही बाहेर येऊन बघायची, पाणी बुडातच पडतंय का.

हळूहळू तांब्या तिच्या हातात ठरायला लागला. औषधानं का इसाव्यानं, मला ठाऊक न्हाई. मॅडमनं मूठ आवळायला लावून बघितली आणि थोडी थोडी धार काढा म्हणली. त्याच सांजेला ती गायीखाली बसली. गायीनं लगेच पान्हा सोडला. उठताना तिनं माझा खांदा धरला, उजव्याच हातानं.

"बघा, घट्ट धरलं का न्हाई?"

"खांदा मोडतीस का माझा?" मी म्हणलो.

पहाटे ती उठली न्हाई. झोपेतच काळीज थांबलं, डॉक्टर म्हणला. आमी कोपर बरं करत बसलो, काळजाकडं कुणाचं ध्यान न्हवतं. दुपारच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय हंबरत व्हती. सड तटतटलेले. शेजारची सून धार काढायला गेली, लाथ खाऊन आली.

"मामा, वासराला सोडा आणि गप बसा," ती म्हणली.

एवढंसं वासरू किती पिणार? मी आत गेलो. खुंटीला तिचं धारेचं लुगडं व्हतं, शेणामुताच्या वासाचं. ते अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला. वट्ट्यावर बसलेल्या बायका बघत राहिल्या. हसलं कुणी न्हाई. मी गायीपाशी उकिडवा बसलो. तिनं मान वळवून लुगडं हुंगलं, लई वेळ हुंगलं, आणि पान्हा सोडला. बादली गुडघ्यात धरायचं मला सुचलंच न्हाई, पहिल्या धारा मातीत गेल्या. मग बादली धरली आणि धार पुरी काढली.