भंतेंपुढचं पिवळं वस्त्र

मार्च सरत आला की दिग्रसच्या हवेला सरकीचा तेलकट, उबदार वास येतो. जिनिंगच्या कुंपणावरून उडालेले कापसाचे तंतू रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून बसतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बाभूळच म्हातारी झाली की काय असं वाटतं. सुट्टीला घरी आले की मला पहाटे जाग येते ती मात्र निराळ्याच वासाने. बांबूच्या टोपलीत वाफवलेल्या चिकट तांदळाचा तो वास इथे असण्याचं काहीच कारण नसतं, पण इथून हजारो कोस दूरच्या एका गावात मी दोन वर्षं त्याच वासावर उठत आले आहे आणि नाकाला सुट्टी कळत नाही.

इंग्रजी शिकवायला कुणी थायलंडला जातं होय, हा प्रश्न मी निघाले तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीला पडला होता. मायला मात्र तो पडला नाही. माझी माय आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस निवडत आली. तिच्या दृष्टीने मी नोकरीला चाललेच नव्हते, मी बुद्धाच्या मुलखात चालले होते, जिथे कुणी कुणाला आडनाव विचारून मग पाण्याचा पेला पुढे करत नाही. एकदा तरी आपण तो मुलूख पाहायचा आणि तिथल्या भंतेंना आपल्या हाताने चीवर, म्हणजे भिक्षूंचं अंगावरचं वस्त्र, द्यायचं, असं तिने मला बसस्टँडवर निरोप देतानाच सांगून ठेवलं होतं.

ते गाव भातखाचरांच्या मधोमध होतं. पावसाळ्यात चहूकडे पाणी आणि त्या पाण्यात आभाळ, हिवाळ्यात कापलेल्या धसकटांवरून येणारा कोरडा वारा. शाळेतली मुलं लाजरी आणि हसरी होती, आणि माझं इंग्रजी आमच्याकडच्या हेलाने बोलायला शिकत होती, याची मला मनातून गंमत वाटे. पहिल्याच संध्याकाळी विहारातून त्रिशरण-पंचशील ऐकू आलं. चाल परकी, उच्चार परके, पण शब्द तेच, जे मी आमच्या वस्तीतल्या विहारात सतरंजीवर बसून पाठ केले होते. मी रस्त्यात उभी राहून रडले. परदेशात आपल्याला कुणी ओळखावं अशी अपेक्षाच नसते, आणि अचानक ओळख पटते, तेव्हा माणसाचा तोल जातो.

विहारातले वृद्ध भंते इंग्रजी शिकू इच्छित होते. दर शनिवारी दुपारी पाच-सहा श्रामणेरांसह, म्हणजे शिकाऊ भिक्षूंसह, ते माझ्यासमोर बसत आणि शाळकरी मुलासारखा गृहपाठ करून आणत. पहिल्या शनिवारी मी तपासलेली वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला, प्रसन्नपणे हसले, आणि मांडीवरचं हातभर पिवळं वस्त्र जमिनीवर पसरून त्याचं एक टोक बोटांत धरलं. वही त्यावर ठेवायची होती. माझ्या सोबतच्या शिक्षिकेने हलक्या आवाजात समजावलं की भिक्षू स्त्रीच्या हातून थेट काही घेत नाहीत, हा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे आणि राणी आली तरी तिलाही तो लागू आहे. आमच्याकडचे भंते मायच्या हातून भोजनदान सरळ घेतात, त्यामुळे मला हे नवीन होतं. मी मान डोलावली, वही ठेवली आणि घरी जाऊन बराच वेळ हात धूत बसले.

कारण मायची एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. तिचं माहेर राळेगावकडचं एक खेडं. आठ-नऊ वर्षांची असताना ती दुकानात मीठ-गूळ आणायला जाई, तेव्हा ओट्याखाली उभं राहून झग्याचा घोळ पसरायचा आणि दुकानदार वरून पुडी टाकायचा. घोळ नीट पसरला नसेल तर पुडी मातीत पडायची, आणि मातीतलं मीठ घरी नेलं की आजीचा मार. माय हे कधी रडून सांगत नसे. गुळाचा खडा वाटेत कसा चाटला हेच ती रंगवून सांगायची.

दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी स्वतःला शंभरदा समजावलं. तिथे विटाळ होता, इथे व्रत आहे. तिथे तिरस्कार होता, इथे त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर निखळ माया आहे. बुद्धीला सगळं पटत होतं. पण दर शनिवारी ते वस्त्र पसरलं गेलं की मला मातीत पडलेली मिठाची पुडी दिसायची, आणि फोनवर मायला मी पाऊस सांगायची, भात सांगायची, हे सांगायची नाही.

दुसऱ्या वर्षी भिक्षूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास, संपताना माय आली. दिग्रसच्या शिंप्याकडून शिवून घेतलेलं चीवर तिने पिशवीत न ठेवता अख्ख्या विमानप्रवासात मांडीवर धरलं होतं. त्याच्या कडा तिने स्वतः हाताने दुमडल्या होत्या. ती आल्यापासूनचे तीन दिवस सांगायची संधी मी शोधत होते आणि टाळतही होते. दानाच्या सकाळी विहारात पांढऱ्या वस्त्रांतल्या बायांची रांग पाहून तिचा चेहरा असा उजळला की माझी जीभच उचलेना. तिची पाळी आली. तिने दोन्ही हातांनी चीवर पुढे केलं, आणि भंतेंनी हसून मांडीवरचं ते पिवळं वस्त्र पसरलं.

माय थबकली. मागची रांग थांबली.

"हे कायले?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, इथं बाईच्या हातून थेट घेत नाहीत, कोणाच्याच नाही.

"तुह्याही हातून?"

मी हो म्हटलं. तिने त्या वस्त्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकली, चीवर अलगद ठेवलं, त्याची घडी सारखी केली, तीन वेळा नमस्कार केला आणि उठली. माझ्या जिवात जीव आला. ती जेवणही नीट जेवली. दुपारी खोलीवर पाठीला पाठ लावून पडलो असताना मात्र तिने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं,

"मी एक डाव ठेवलं. तू दोन वरसं ठेवून राह्यली. तुले त्यायची भाषा येते, आन् तुही भाषा तं ते तुह्यापाशीच शिकून राह्यले. मंग त्यायले सांगत काहून नाही?"

इतरांना बोलतं करण्याचा पगार घेणारी मी, स्वतःचं एक वाक्य दोन वर्षं गिळून बसले होते, आणि त्या गिळण्याला समजूतदारपणा म्हणत होते. लाज वाटली, आणि मायचा रागही आला, कारण तिचं खरं होतं.

ती परत गेल्यानंतरच्या शनिवारी मी पुस्तक मिटलं आणि भंतेंना त्यांना येत होते तेवढ्याच सोप्या इंग्रजी शब्दांत सांगितलं: माझी आई लहान होती, ती कपडा पसरून उभी राही, दुकानदार वरून मीठ टाकी, कारण त्याला तिचा स्पर्श नको होता. श्रामणेर वह्यांवर पेन टेकवून ऐकत होते. खिडकीबाहेर कुणी भात झोडपत होतं. भंतेंनी आपली वही पुढे ओढली. मग त्यांनी मायच्या गावाचं नाव विचारलं, ते मला दोनदा म्हणायला लावलं आणि आपल्या लिपीत वहीत उतरवून घेतलं. तास संपल्यावर वस्त्र पसरलं गेलं. मी वही त्यावर ठेवली. नियम नियमाच्या जागी राहिला.

हे सगळं मी मायला फोनवर सांगितलं नाही. परवा इथे अंगणात ती गहू निवडत बसली होती, तेव्हा सांगितलं. मला वाटलं होतं ती भंतेंवर चिडेल, नाहीतर कौतुक तरी करेल. तिने सूप खाली ठेवलं.

"आयकलं ना त्यायनं पुरं? मंधात थांबवलं तं नाही?"

नाही, म्हटलं, शेवटपर्यंत ऐकलं.

तिने पदराने डोळे पुसले, माझ्यादेखत, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. "मले तं कोणीच इचारलं नाही आजवर," ती म्हणाली, "का माह्या गावाचं नाव काय."

मीही नाही. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली, इतक्यांदा मनात उगाळली, पण राळेगावकडचं एक खेडं म्हणूनच. भंतेंनी विचारलं तेव्हा ते नाव मला मामाच्या जुन्या लग्नपत्रिकेतून आठवावं लागलं होतं. ऊन अंगणात उतरलं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, माय, पहिल्यापासून सांग.