अकरा ते एकची ठोकाठोक

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूला आम्ही जागा घेतली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा भरला तो स्वयंपाकघरातला ओटा. तालुक्याच्या गावी आमच्या घरात चूल जमिनीवर होती. आई आयुष्यभर वाकून स्वयंपाक करत आली. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि उभं राहून भाकरी थापणारीही मीच पहिली. कडप्प्याचा तो काळपट ओटा मी रोज रात्री पुसून ठेवायची आणि मनातल्या मनात देवाचे, वडिलांचे आणि माझ्या शाळेतल्या बाईंचे आभार मानायची.

हे सुख तीन-चार वर्षं टिकलं. मग शेजारणीने ग्रॅनाइट आणायचं ठरवलं.

तिची जागा आणि माझी जागा म्हणजे आरशातली जोडी. स्वयंपाकघरांच्या मधली भिंत एकच. ती मूळची उत्तनकडच्या पालीची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचा. वयाने माझ्याएवढीच, पण माझ्यासारखी कायम घाईत नसायची. जिन्यात भेटली तरी कठड्याला टेकून बोलायची. नवरा नाताळला येणार, त्याआधी तिला घर नवं करायचं होतं. ओटा ग्रॅनाइटचा, खाली नवी लादी, भिंतीला फुलाफुलांच्या टाइल्स. तिने टाइलचा नमुना मला दाखवायला आणला तेव्हा मी "छान आहे" म्हटलं. आवाज मला स्वतःलाच कोरडा वाटला.

काम सुरू करण्याआधी ती बिल्डिंगमध्ये घरोघर फिरली. हे आमच्याकडे नवीनच होतं. लोक सरळ हातोडा हाणायला सुरुवात करायचे, मग खालचा वर यायचा, भांडण व्हायचं, दोन दिवस काम बंद, पुन्हा सुरू. ही बाई दारात उभी राहून विचारत होती, "तुमचे घरान कोन कवा निजते?"

माझ्या सासूबाईंना त्याचं फार नवल वाटलं. "असं गं का विचारतेस?"

"आमचे गावान तसाच हाय, आजी," ती म्हणाली. "मानसं दर्यावरशी पहाटे येतान. दिवसा निजतान. कोनाचे घरचं काम काढायचं तर आदी इचारायचं, तुजा मानूस कवा उठंल? निजलेल्या मानसाचे डोक्यावर खिळा ठोकायचा न्हाय."

सासूबाई दिवसभर तेच घोळवत राहिल्या. संध्याकाळी पाण्याच्या वेळेला खाली बायका जमल्या, तिथेही तोच विषय. या पोरीला रीत आहे, केवढी समज आहे, नवऱ्यामागे एकटी कसं सगळं निभावते. आतापर्यंत त्या घोळक्यात कुणाच्या पोराचा दाखला, कुणाचा अर्ज यासाठी माझं नाव निघायचं. मी बादली भरली आणि कुणासाठी न थांबता वर आले.

दुसऱ्या दिवशी ती मला वेगळं विचारायला आली तेव्हा मी कणीक मळत होते. दोन महिन्यांवर माझी खात्याची परीक्षा होती. ती पास झाले तर वरची जागा मिळणार होती. त्या वर्षी नाही, तर पुन्हा कधी परीक्षा निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्यासाठी मी साठवलेली रजा घेतली होती. मुलगी दुपारच्या शाळेला गेली, सासूबाई खाली बायकांत जाऊन बसल्या, की अकरा ते एक घर माझं असायचं. दिवसभरात डोकं ठिकाणावर असलेले तेवढेच दोन तास.

"वैनी, तुमाला कवा शांत पायजे?"

सांगायला काही कष्ट नव्हते. पण तिच्या हातात तो टाइलचा तुकडा होता, आणि पाण्याच्या रांगेतलं सगळं कौतुक अजून माझ्या कानात होतं. हिने मलाही सांभाळून घ्यावं आणि मी हिचे आभार मानावेत, हे माझ्याने होईना.

"मला काही त्रास नाही," मी म्हणाले. "तू केव्हाही ठोक."

"खरां?"

"अगं, मी गावाकडची आहे. पिठाच्या गिरणीशेजारी अभ्यास केलाय मी." गिरणी आमच्या घरापासून चांगली दोन गल्ल्या लांब होती.

पुढे काय होणार हे कुणालाही कळलं असतं. खालच्या मजल्यावरचा गृहस्थ रात्रपाळीचा, तो अकराशिवाय उठायचा नाही. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ एकला झोपायचं. समोरचे आजोबा दोन ते चार. चारनंतर पाणी, आणि मग पोरांचे अभ्यास. सगळ्यांची झोप सांभाळून तिच्या मिस्त्रीच्या हाती उरले ते अकरा ते एक. सबंध बिल्डिंगमध्ये एकटी मीच "केव्हाही" म्हटलेली.

अकराला पहिला घाव पडायचा. जुना ओटा काढायचा तर छिन्नी थेट आमच्या भिंतीत उतरत असल्यासारखी वाटायची. मग कटर लागायचा. दगड कापण्याचा तो आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो. नियमांची कलमं मी चार-चारदा वाचायची आणि पाचव्यांदा पहिल्यापासून सुरुवात करायची. बाहेरच्या खोलीत बसून पाहिलं. कापूस घालून पाहिला. शेवटी नवऱ्याचा मफलर कानांवरून घट्ट बांधून मी मोरीत जाऊन बसले, कारण त्या भिंतीपासून सगळ्यात लांब तीच जागा होती. पाटावर मी, मांडीवर पुस्तक, समोर पिंप. आणि आवाज थांबला की क्षणभर वाटायचं, झालं असेल आता, काळा चकचकीत दगड आला असेल. आवाजाचा राग वेगळा आणि त्या दगडाचा वेगळा, पण दोन्ही एकाच डोक्यात नांदत होते.

नवरा म्हणाला, "जाऊन सांग ना तिला."

"आता कसं सांगू? मीच म्हटलंय."

"मग मी सांगतो."

"तुम्ही अजिबात जायचं नाही."

एके दिवशी घाव असा बसला, की आमच्या फळीवरचा तांदळाचा डबा खाली आला. मी मफलरमुळे ऐकलंच नाही. ती मात्र धावत आली. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघरात तांदूळ पसरलेला, घरात कुणी नाही, म्हणून हाका मारत ती थेट मोरीपर्यंत आली.

"वैनी! हितं काय करता?"

मी मफलर सोडला. "अभ्यास."

"मोरीन?"

तेवढ्यात सासूबाई वर आल्या. त्यांनी आधी तांदूळ पाहिला, मग मला. "तिची परीक्षा आहे गं. मोठी. मी म्हणत होते, हल्ली मधेच वर आले की ही मोरीतच कशी! मला वाटलं पोट बिघडलं."

शेजारीण हसली नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ गोळा करायला लागली. "त्या दिशी इचारला तवा का न्हाय बोलला?"

मी सूप आणून तिच्यासमोर ठेवलं. खरं कारण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

पलीकडे जाऊन ती मिस्त्रीशी बोलली ते भिंतीतून ऐकू आलं. "भाभी, बिना ठोके काम कैसे होगा?" तो म्हणत होता. "मैं क्या हाथ से लादी निकालूँ?" ती म्हणाली, "परीक्षा होने तक नहीं. रंग का काम कर, दरवाजे का कर. जो काटना है वो उधर गोडदेव के मैदान में काटके ला." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून टाइल्स हातगाडीवरून मैदानात जायच्या आणि कापून परत यायच्या. पण जमिनीत बसलेली लादी मैदानात नेता येत नाही. अर्धं उखडलेलं स्वयंपाकघर तसंच राहिलं.

माझे दोन तास मला परत मिळाले. मी बाहेरच्या खोलीत, उजेडात बसून अभ्यास केला. खोटं कशाला सांगू, त्या शांततेचाही मला जाच व्हायचा. आवाज होता तोवर तिच्यावर चिडण्याची सोय तरी होती.

डिसेंबरच्या मध्यावर परीक्षा झाली. त्याच आठवड्यात तिचा नवरा आला. ओटा नव्हता, जमीन खणलेली, ती बाहेरच्या खोलीत स्टोव्हवर रांधत होती. तो चिडेल असं मला वाटलं होतं. पलीकडून बराच वेळ दोघांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. माझा नवरा चांगला माणूस, पण खणलेल्या घरात पाऊल टाकून तो हसला नसता. नव्या घराहून मला त्या हसण्याचा जास्त हेवा वाटला.

मिस्त्री मधल्या काळात दुसऱ्या कामाला लागला होता, तो नाताळानंतरच यायचा होता. नाताळला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सिमेंटच्या पोत्यांवर चादर टाकून पाहुण्यांची सोय केली होती. मला पाहताच तो मोठ्याने म्हणाला, "हीच काय ती मोरीवाली वैनी?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"पास व्हा हां, वैनी," तो माझ्या पानात वाढत म्हणाला. "न्हाय तर आमी धुळीन नाताळ केला तो फुकट गेला."

तो थट्टेत बोलला, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. निकाल लागेपर्यंतचे महिने मी नापास होण्याला घाबरले ते वरच्या जागेपेक्षा त्या वाक्यामुळे. नापास झाले असते तर तिला तोंड कसं दाखवलं असतं?

मी पास झाले. ऑफिसातून आले ती आधी तिच्याच दारात गेले. का, ते मला सांगता येत नाही. चपलाही काढल्या नव्हत्या. ऐकल्याबरोबर तिने मला मिठी मारली, मग जिन्याच्या कठड्यावरून वाकून वरखाली ओरडून सांगितलं, "वैनी पास झाली, वैनी पास झाली!" दारं उघडली. रात्रपाळीचा गृहस्थ कामावर निघता निघता बाहेर आला. ती रडत होती, हसत होती. माझ्या निकालाचा मलासुद्धा इतका आनंद झाला नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिले आणि वाटलं, दुसऱ्याच्या सुखाने असं भरून येणं मला कधी जमेल?