गुंडाप्पा जमादारांचा अजबखाना

गुंडाप्पा जमादार गेल्याची बातमी मला छापखान्यात कळली. यल्लप्पा, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारा माझा मित्र, दारातूनच म्हणाला, "तुझा जमादार गेला रं. आत्ताच नेला." 'तुझा'तला टोमणा मला कळला. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की "त्या खोलीची किल्ली कुणाकडं आहे?" असं विचारणाऱ्यानं मृताच्या आठवणी लिहाव्यात का, ते वाचकांनी ठरवावं. मी लिहितोय, कारण गेल्या तीन आठवड्यांत मला दुसरं काही सुचलेलं नाही...

गुंडाप्पा म्हणजे गिरणीच्या दारावरचा झडतीवाला. पाळी सुटली की माणसं रांगेनं बाहेर येत, आणि हा गृहस्थ प्रत्येकाला हात वर करायला लावून कंबर, पागोटं, भाकरीचं फडकं चाचपून बघे. सूत गुंडाळायची लाकडी कांडी सापडली, की माल जप्त आणि मालाला दोऱ्यानं बांधून मॅनेजरकडं जाणारी चिठ्ठी : नाव, बापाचं नाव, गिरणीतलं खातं. माझे वडील याच माणसासमोर हात वर करून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. ते चित्र पुसलं जात नाही, आणि पुसावं अशी माझी इच्छाही नाही. मेला म्हणून माणूस संत होत नाही.

नोकरी सुटल्यावर या जमादारानं नवी पेठेत बांगडीवाल्याच्या दुकानावरची माडी भाड्यानं घेतली आणि तिथं जुनी खेळणी मांडली. गाव त्याला अजबखाना म्हणू लागलं. पोरं जायची, बायका जायच्या, मीही दोन वर्षांपूर्वी गेलो तो डोळ्यांत तेल घालून. फळ्यांवर त्याच्या स्वतःच्या लहानपणीचे मातीचे बैल होते, त्याच्या बहिणीची नाक झिजलेली लाकडी ठकी होती. पण बाकी सगळा संसार गिरणीचा! कांड्यांच्या चाकांची आगगाडी, मागावर सूत इकडून तिकडं नेणाऱ्या मोडक्या धोट्याची होडी, कापडाच्या काठाचं लुगडं नेसलेली बाहुली. आणि प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी. पोराचं नाव, बापाचं नाव, खातं.

"हात लावा की," जमादार म्हणाले. "खेळणं हाय, देव न्हाय."

"ही नावं कशाला?" मी विचारलं.

"ज्याचं त्याला नको व्हय? नाव न्हाय लावलं तर गिरणीचं होतंय."

"गिरणीचंच आहे ते. आणि घेतलं कुणी, तेही तुम्ही लिहून ठेवलंय."

ते हसले. "लई शिकलाय तुमी." मग आगगाडी फळीवरून ढकलून दाखवली आणि तोंडानं शिट्टी वाजवली. साठीचा माणूस! मला तो सारा प्रकार नाटकी वाटला. ज्यानं जन्मभर कामगारांच्या कंबरा चाचपल्या, त्याला म्हातारपणी त्यांच्या पोरांचा पुळका कुठून आला?

यल्लप्पाला विचारलं तर त्यानं वेगळीच गोष्ट सांगितली. एकदा त्याच्या कमरेला दोन कांड्या सापडल्या. जमादारांनी हळूच विचारलं, "चुलीत घालनार का पोराला?" पोराला गाडी करायचीय, असं यल्लप्पा म्हणाला. "मग उद्या गाडी करून आन. न्हाय आनलीस तर चिठ्ठी." दुसऱ्या दिवशी यल्लप्पा गाडी घेऊन दारावर हजर! जमादारांनी टेबलावर ती पळवून बघितली, एक चाक लंगडतंय म्हणाले, आणि सोडून दिलं. ती रीतच पडली म्हणे. जळणासाठी कांडी नेणाऱ्याला चिठ्ठी, खेळण्यासाठी नेणाऱ्याला खेळणं दाखवायची शिक्षा. पोरं मोठी झाल्यावर हीच खेळणी माडीवर आली.

ऐकून माझा संशय दुप्पट झाला. म्हणजे खेळण्याला बांधलेली एकेक चिठ्ठी हा चोरीचा कबुलीजबाबच की! त्यातच कळलं, गिरणीचा मॅनेजर माडीवर येऊन गेला होता. मी जाऊन जाब विचारला. जमादार शांतपणे म्हणाले, "आलता की. आगगाडी इकत मागत हुता. म्हनलं, पोराची हाय, माजी न्हाय. लाकूड कुटलं म्हनला. म्हनलं, मोडका माल मीच दिला." मी त्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. दोन महिन्यांनी आमच्या कामगार संघाचं पत्रक निघालं. मजकूर माझा. 'झडतीवाल्याला आता तुमच्या पोरांची खेळणी कशाला?' पुरावा हवा म्हणून तीन नावं खात्यांसकट छापली, अमक्याच्या मुलाची आगगाडी, तमक्याची होडी. आठवड्यात त्या तिघांना कामावरून काढलं. मी चौकात उभा राहून ओरडलो, बघा, सांगत होतो ना, जमादारानंच नावं मॅनेजरला पोचवली! लोक माडीवर जाऊन आपापली खेळणी घेऊन आले. जमादारांनी एकालाही अडवलं नाही. चिठ्ठी वाचून दाखवत आणि वस्तू हातात देत. मला उत्तर असं त्यांनी कधीच दिलं नाही, आणि ते गप्प बसणं मी कबुली धरलं.

किल्ली बांगडीवाल्याकडेच होती. यल्लप्पा आणि मी माडी उघडली. फळ्या रिकाम्या, धूळ मात्र नाही, रोज पुसत असावेत. मातीचे बैल, ठकी आणि यल्लप्पाची लंगडी गाडी, एवढंच उरलेलं. मी कोनाडे धुंडाळत होतो. जमादारांनी मॅनेजरला नावांची यादी दिली असणार, तिची नक्कल मिळेल, अशी आशा होती. खोटं कशाला बोलू?

यल्लप्पा खाली बसून गाडीचं चाक फिरवत होता. "हितं चाळीस तरी चिठ्ठ्या हुत्या," तो म्हणाला. "माजीबी हुती. मी अजून कामावर हाय."

"मग?"

"गेले तिगंच. कुटले तिगं, सांग की."

मी तिघांची नावं घेतली. ज्या क्रमानं घेतली तो क्रम ऐकून मीच थांबलो. पत्रकातला क्रम होता तो. यल्लप्पानं लंगडी गाडी उचलून पुन्हा फळीवर ठेवली.

जमादारांना हे कळलं होतं का? कळलं असलं पाहिजे. नावानिशी चिठ्ठ्या लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तीन नावं जुळवायला कितीसा वेळ लागणार? मग गावाला सांगितलं का नाही? माझी कीव आली, की झडतीवाल्यावर कोण विश्वास ठेवणार असं वाटलं? मी अजून त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. पण आता संशय घ्यायला त्यांच्यापेक्षा जवळचा माणूस सापडला आहे.

परवा त्या तिघांपैकी एकाच्या घरी गेलो. तो आता स्टेशनावर हमाली करतो. सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्याची बायको आत भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. त्यानं खांद्यावरचं फडकं झटकलं.

"ह्ये बी छापनार?" त्यानं विचारलं.

"छापतो. तुम्ही म्हणाल तसं."

"छाप," तो म्हणाला. "पर ह्या बारीला माजं नाव घालू नको."